‘एकच प्याला’तील नाकबुली

राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या पाच अंकी संगीत नाटकाची ओळख ‘दारूच्या दुष्परिणामांचे नाटक’ अशी करून दिली जाते. ती खोटी नाही, अपुरी आहे. नाटकात दारू पिणारे मोजके आहेत, नाकबूल करणारे पुष्कळ. नाकबुली म्हणजे इथे नुसते खोटे बोलणे नव्हे. डोळ्यांदेखत चालले आहे ते चाललेलेच नाही असे आधी स्वतःला, मग घरच्यांना आणि वेळ आली तर सरकारदरबारी सांगत राहायचे, आणि सांगता सांगता आपलाच त्यावर विश्वास बसायचा, असा तिचा प्रवास असतो. नाटकातले गाव कोल्हापूर नाही. तरी त्याच सुमाराला कोल्हापूर संस्थानात संसाराविषयी जे कायदे झाले ते शेजारी ठेवले, तर या नाटकातली नाकबुली अधिक स्पष्ट दिसते.

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ३३ होते. नाटक लिहून झाले होते, पदे व्हायची होती. ती पुढे वि. सी. गुर्जर यांनी रचली. गंधर्व नाटक मंडळीने २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यात पहिला प्रयोग केला. नायक सुधाकरची भूमिका गणपतराव बोडसांनी केली, त्याची बायको सिंधू हिची बालगंधर्वांनी. लेखक गेल्यावर महिना भरायच्या आत नाटक उभे राहिले.

कथानक मराठी वाचकाला ठाऊक असते, पण कोण केव्हा काय नाकारतो हे पाहण्यासाठी ते पुन्हा सांगायला हवे. सुधाकर हुशार, तडफदार वकील. त्याला हुशारीचा ताठा आहे. कोर्टात मुन्सफाशी खटका उडतो, भर कचेरीत अपमान होतो आणि सनद काही काळापुरती रद्द होते. डोके शांत होत नाही, झोप येत नाही. अशा वेळी त्याचा कारकून तळीराम त्याच्यापुढे औषध म्हणून पेला धरतो. तिथून घसरण सुरू होते. मित्र रामलाल समजावतो. सुधाकर मध्यंतरी शपथ घेऊन दारू सोडतोही, पण कामाच्या शोधात दारोदार अपमान पदरी येतो आणि तो पुन्हा बाटलीकडे वळतो, या वेळी उघड्या डोळ्यांनी. त्याची बायको सिंधू दळणे दळून घर चालवते. दारूच्या भरात सुधाकरच्या हातून तान्हे मूल जाते, सिंधू जबर जखमी होते. अखेर दोघेही संपतात; ती त्या माराने, तो दारूत विष कालवून घेतलेल्या प्याल्याने.

शीर्षकातल्या ‘च’कडे थोडे थांबून पाहायला हवे. ‘एक प्याला’ ही नुसती मोजदाद झाली. ‘एकच प्याला’ म्हटले की त्यात आर्जव येते, सबब येते आणि आपण हिशेब राखून आहोत असा दावाही येतो. मराठीत हा ‘च’ शब्दाला घट्ट चिकटून येतो आणि पुढचे सगळे दार लावून टाकतो: एकच, आजच, एवढंच. कोल्हापुरात तोंडी बोलताना तो ‘एवढीच घ्येतो की’, ‘आजच्या दिस तेवढं’ असा ऐकू येतो. पहिल्या प्याल्याच्या वेळी हा ‘च’ खोटा असतो, कारण दुसरा येणारच असतो. विषाच्या प्याल्याच्या वेळी मात्र तो अक्षरशः खरा ठरतो. गडकऱ्यांनी शब्दांचे खेळ हौसेने आणि कित्येकदा हातचे न राखता केले आहेत. कोट्यांच्या माऱ्याने त्यांचे प्रवेश लांबतात, ही तक्रार रास्तच आहे. पण एका अक्षरावर सगळे नाटक तोलून धरण्याची ही करामत त्यांच्या साऱ्या कोट्यांहून मोठी आहे.

सुधाकरची नाकबुली समजायला सोपी आहे. त्याचे दुखणे दारू नसून मानभंग आहे आणि दारू त्याला मानभंग नाकारण्याची सोय करून देते. पेला हातात असेपर्यंत तो पूर्वीचाच सुधाकर असतो. उतरली की जगाला तो दिसतो आणि जगाचे ते पाहणे त्याला सोसत नाही. म्हणूनच सोडल्यानंतरचे त्याचे परत पिणे पहिल्यापेक्षा भयंकर वाटते. पहिल्या खेपेला त्याला फसवले गेले होते. दुसऱ्या खेपेला तो काय करतो आहे हे त्याला पक्के माहीत असते.

सिंधूची नाकबुली अवघड आहे, कारण ती सद्गुणाच्या रूपाने येते. भाऊ पद्माकर न्यायला येतो, तिचा पाय घरातून निघत नाही. माहेरच्या पैशाला हात लावायचा नाही, हे नवऱ्याने घातलेले बंधन ती उपाशी राहून पाळते. ‘कशि या त्यजू पदाला’ या पदात तिची सारी भूमिका आली आहे. आणि मग येतो फौजदाराचा प्रवेश. मूल गेलेले, ती स्वतः मरणाच्या दारात, आणि तरी नवऱ्यावर आळ येऊ नये म्हणून ती खोटा जबाब देते. शंभर वर्षांच्या प्रेक्षकांनी इथे डोळे पुसले आहेत. थोडे जवळून पाहिले तर मात्र हा जबाब ओळखीचा वाटतो. दंडावर काळानिळा वळ घेऊन दारात उभी असलेली बाई शेजारणीला सांगते, ‘न्हाणीत पाय घसरला ओ.’ शेजारणीला ते खरे नाही हे कळते, सांगणारीलाही ते खपलेले नाही हे कळते, आणि दोघी दुसऱ्या विषयाकडे वळतात. सिंधूचा जबाब हा त्या वाक्याचा कागदोपत्री अवतार आहे. गडकऱ्यांनी तिला त्याबद्दल देवता केले. तिने काय झाकले याचा हिशेब मांडायचे त्यांनी प्रेक्षकावर सोडले, की त्यांना स्वतःलाच तो मांडायचा नव्हता, यावर वाद होऊ शकतो. प्रस्तुत लेखकाचा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे.

नाटकात खरे बोलणारी एक बाई आहे: तळीरामाची बायको गीता. ती नवऱ्याला नावे ठेवते, तोंड सोडते, रडत बसत नाही. गडकऱ्यांनी तिला विनोदी पात्रांच्या रांगेत उभे केले, त्यामुळे तिचे खरे बोलणे हशात वाहून जाते. सिंधूच्या खोट्याला पद मिळाले, गीतेच्या खऱ्याला टाळी. तळीरामाचे ‘आर्य मदिरा मंडळ’ हाही असाच नाकबुलीचा कारखाना. सभा, ठराव, भाषणे, तात्त्विक युक्तिवाद असा पिण्याला सार्वजनिक कार्याचा थाट दिलेला. प्रेक्षक खो खो हसतात, आणि हसत असतानाच सुधाकर त्या मंडळींत बसलेला दिसतो.

सगळ्यात दुर्लक्षित राहिलेला धागा रामलालचा. हा डॉक्टर, परदेशी जाऊन आलेला, दारूच्या अवस्था शास्त्रशुद्ध सांगणारा, नाटकाचा शहाणा माणूस. सुधाकरची बहीण शरद ही बालविधवा. तिच्याकडे आपण मुलीच्या मायेने पाहतो असे रामलाल स्वतःला सांगत असतो आणि ती माया नाही हे त्याला फार उशिरा उमगते. एक थेंबही न पिणारा माणूस असा स्वतःपासून लपतो. फरक एवढाच, की तो कबूल करतो, बाजूला होतो आणि शरद व भगीरथ यांची वाट मोकळी करतो. भगीरथही आधी पिणारा आणि मग सोडणारा. दारू सुटू शकते, हे नाटक त्याच्यातून हळूच सांगून जाते; मुख्य कथेच्या काळोखात कुणाचे तिकडे लक्ष जात नाही. अनेक प्रयोगांत वेळ वाचवायला हा उपकथानकाचा भाग कातरला जातो. तो गेला की उरते ती फक्त दारू.

आता कोल्हापूर. शाहू महाराजांच्या राजवटीत संस्थानात १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा झाला. १९१९ साली, म्हणजे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी, स्त्रियांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आला. घरातला मार हा घराचा खासगी मामला नसून सरकारने दखल घेण्याजोगा गुन्हा आहे, असे एका संस्थानाने त्या काळी म्हणणे ही मोठी गोष्ट होती. नाटककाराचा आणि या कायद्यांचा थेट संबंध दाखवता येत नाही आणि तो जोडूही नये. पण दोन्ही एकाच हवेत जन्मले. शरदचा प्रश्न १९१७ च्या कायद्याचा प्रश्न आहे. सिंधूचा प्रश्न १९१९ च्या कायद्याचा आहे, आणि तो कायदा नेमका कुठे अडतो ते नाटकातला फौजदाराचा प्रवेश दाखवतो. कायद्याला फिर्याद लागते, जबाब लागतो. फौजदार घरात आलेला आहे, विचारतो आहे, लिहून घ्यायला तयार आहे, आणि जिच्यासाठी हे सारे ती नाही म्हणते. या एका प्रवेशामुळे नाटक दारूविरोधी प्रचाराच्या पलीकडे जाते.

रंगमंचाचा संबंध असा. रोमची जुनी प्रेक्षागारे पाहून आलेल्या शाहू महाराजांनी खासबागेत कुस्तीचे मैदान बांधून घेतले आणि त्याला लागूनच पॅलेस थिएटर. ते १९१५ मध्ये पुरे झाले. पुढे त्याला कोल्हापूरचे गायकनट केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. कुस्तीचा हलगीचा कडकडाट आणि नाटकाची नांदी भिंतीला भिंत लावून, हे चित्र दुसऱ्या गावात सापडणे कठीण. बालगंधर्वांचेही या गावाशी देणेघेणे होते: नारायण राजहंस (बालगंधर्वांचे मूळ नाव) लहान असताना त्यांच्या कानाचे दुखणे शाहू महाराजांनी मिरजेच्या इस्पितळात बरे करवले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत जळाले. दुसऱ्या दिवशी सकाळी काळवंडलेल्या भिंतींपुढे उभी राहिलेली रंगकर्मी मंडळी बराच वेळ कुणाशी बोलत नव्हती.

बालगंधर्वांच्या सिंधूने या नाटकात भ्रमाचा आणखी एक पदर चढवला. पुरुष बाई झालेला आहे, हे पिटातल्या शेवटच्या माणसालाही ठाऊक. तरी घरंदाज बायका त्या नटाची नेसण, त्याचे अंबाडे उचलत होत्या. भरजरी शालूंसाठी नावाजलेला हा नट सिंधूच्या उतारात ठिगळाच्या लुगड्यात आला, तेव्हा लोकांना आपल्याच घरातले कुणी उघड्यावर आल्यासारखे झाले. पतिव्रतेची ती मूर्ती पुरुषाने लिहिली, पुरुषाने साकारली आणि बायकांनी आदर्श म्हणून घरी नेली. मराठी रंगभूमीने पुढे दुसरी उत्तरे शोधली. १९३३ च्या ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये आणि १९४२ च्या ‘कुलवधू’त बाईच्या भूमिका बाईनेच केल्या, आणि त्या बायका प्रश्न विचारू लागल्या. गंमत म्हणजे त्यामुळे सिंधू जुनी झाली, सुधाकर झाला नाही.

आजच्या प्रयोगात पदे कमी होतात, स्वगते छाटली जातात, आणि सिंधूवर तरुण प्रेक्षक वैतागतात. वैतागणे वाईट नाही. पण तिला मूर्ख ठरवून मोकळे होणे म्हणजे तिच्यापुढे पर्याय किती होते हा प्रश्न टाळणे. कमाई नाही, माहेरचे दार शपथेने बंद, पदरात पोर. तिच्या खोटेपणात श्रद्धा किती आणि दुसरी वाट नसल्याची जाणीव किती, हे नटीने ठरवायचे असते. संहिता दोन्हीला जागा देते.

प्रस्तुत लेखकाने कोल्हापुरात एका हौशी मंडळाच्या तालमी पाहिल्या. मंगळवार पेठेतला शाळेचा हॉल, कडेला रचून ठेवलेले बाक, मध्यभागी थर्माकोलचे जाते, कारण खरे दगडी जाते उचलून आणायला चार पैलवान लागले असते. दारूऐवजी गार झालेला कोरा चहा. सुधाकर करणारा मुलगा बँकेतून थेट यायचा आणि पहिला प्याला घोट घोट घ्यायचा, शेवटचा पाण्यासारखा. दिग्दर्शक म्हणायचे, ‘उलट कर. पहिला घाईनं पी, कुणी बघंल म्हणून. शेवटचा दमानं.’ प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात फौजदार करणाऱ्याने तालीम थांबवली. त्याला वाक्ये चारच. तो म्हणाला, ‘सर, ही खोटं बोलतीया हे मला कळतंय का न्हाई?’ हॉलमध्ये कुणी काही बोलेना. सिंधू करणारी मुलगी जात्याशेजारी तशीच आडवी पडून होती. दिग्दर्शकांनी त्याला सांगितले, जबाब लिहून झाला की वही मीट आणि जा. दोन दिवसांनी त्यांनीच ते बदलले: वही उघडीच ठेव, पेन्सिल कानावर लाव, आणि जाताना एकदा पोराच्या पाळण्याकडं बघ.