जाळी सुटी झाली आणि तोंडं बदलायला लागली

कोल्हापुरात दसरा चौकातल्या सीमोल्लंघनाला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते. सोनं लुटायच्या गडबडीतही लोक तिच्याभोवती घुटमळतात, आणि फोटो काढले जातात ते बहुतेक पुढून. गाडी ओळखायची ती तोंडावरून, म्हणजे पुढच्या जाळीवरून, हा आपला जुना हिशेब. योगायोग असा, की मोटारीला हे तोंड देण्यात ज्याचा वाटा सगळ्यात मोठा, त्याचंच नाव या गाडीवर आहे.

विल्हेल्म मेबॅक हा जर्मन अभियंता विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डाइमलर या मोटार कंपनीत होता. सुरुवातीच्या मोटारींत इंजिन थंड ठेवायला नळ्यांची वेटोळी असत आणि त्यांना पाणी भरमसाट लागे. १९०१ च्या मर्सिडीज ३५ एचपीसाठी मेबॅकने सहा मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या एकमेकींना झाळून मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. नळ्यांतून हवा जायची, नळ्यांमधल्या फटींतून पाणी फिरायचं आणि मागे पंखा. पाण्याची गरज जवळपास निम्म्यावर आली. वारा थेट लागावा म्हणून हे पोळं गाडीच्या अगदी पुढे उभं केलं, आणि तेच गाडीचं तोंड झालं. पुढे १९०९ मध्ये मेबॅक बापलेकांनी स्वतःची कंपनी काढली. दसरा चौकात येते ती त्या कंपनीची गाडी.

पुढची तीसेक वर्षं तोंड म्हणजे रेडिएटरच. त्याचं पितळी किंवा निकेल चढवलेलं कवच कंपनीगणिक वेगळं असे, पण एका गाडीचं तोंड दुसऱ्या गाडीला बसवायची सोय फारशी नव्हती. कारण ते तोंड म्हणजे पाण्याचं भांडं होतं. कापलं की गळणार. १९३०च्या दशकात मोटारींना वाऱ्याला धरून गोलाई आली, रेडिएटर पत्र्यामागे लपला आणि त्याच्यापुढे निव्वळ दिसण्यासाठी आणि हवा आत सोडण्यासाठी वेगळी जाळी आली. चार-सहा स्क्रू काढले की हातात येणारी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा क्षण हाच. जाळीचा पाण्याशी संबंध तुटला आणि ती कापायला, जोडायला, बदलायला मोकळी झाली.

या मोकळिकीचा पहिला मोठा फायदा उठवला कॅलिफोर्नियातल्या पोरांनी. १९३०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९४०च्या दशकात सॅक्रामेंटोचा हॅरी वेस्टरगार्ड १९३६ च्या फोर्डवर पॅकार्ड किंवा लासालची उंच, निमुळती जाळी बसवून देत असे. फोर्ड सर्वसामान्यांची, पॅकार्ड आणि लासाल श्रीमंतांच्या. भंगारात गेलेल्या महागड्या गाडीचं तोंड स्वस्त गाडीला, असा सरळ व्यवहार. जॉर्ज बॅरिस त्याच्याच हाताखाली शिकला आणि पुढे भाऊ सॅमसोबत गाड्या बदलायचं दुकान चालवू लागला. १९५३ मध्ये त्यांनी बॉब हिरोहाता या ग्राहकासाठी १९५१ ची मर्क्युरी अशी काही बदलली, की ती त्या काळातली सगळ्यात प्रसिद्ध बदललेली गाडी ठरली. तिची जाळी १९५१ च्या फोर्डच्या जाळ्यांचे तुकडे जोडून केलेली, बाजूची पट्टी ब्यूकची, मागचे दिवे लिंकनचे. दुसरी लोकप्रिय क्लृप्ती दातांची. १९५३ च्या शेवरोलेच्या जाळीत तीन उभे दात, १९५४ च्या जाळीत पाच. लोक दोन-दोन जाळ्या विकत घेत आणि जास्तीचे दात एकाच आडव्या गजावर ओवत. डिसोटोच्या दातांनाही अशीच मागणी होती.

ही हौस भरल्या पोटाची होती, हे विसरून चालत नाही. युद्धानंतर तिथे दरवर्षी नवं मॉडेल, दरवर्षी नवं तोंड, आणि गेल्या साली आवडलेलं तोंड यंदा भंगाराच्या ढिगात. आपल्याकडे नेमकं उलट घडलं.

फोर्डने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये हिंदुस्थानात गाड्या जोडायला सुरुवात केली होती. जनरल मोटर्सचा कारखाना मुंबईत शिवडीला होता. स्वातंत्र्यानंतर १९५३ च्या टॅरिफ कमिशनने स्पष्ट सांगितलं, नुसते सुटे भाग आणून जोडायचे दिवस संपले, इथेच उत्पादन करायचा कार्यक्रम असेल तर राहा. दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. रस्त्यावर राहिल्या त्यांच्या अनाथ गाड्या. संस्थानी काळातल्या शेवरोले, फोर्ड, डॉज कोल्हापूर-सांगलीच्या वाड्यांतून होत्याच. अशा गाडीची जाळी बैलगाडीच्या धुरेवर आपटून चेपली, तर कंपनीत पत्र लिहून नवी मागवायची सोय उरली नव्हती. मग कुर्ल्याच्या भंगारात मिळेल ती आणायची, आणि मिळेल ती आपल्या गाडीची असेलच असं नाही. तिची चौकट कापायची, दोन गज कमी करायचे, कडेला पत्र्याची पट्टी लावायची. मालकाला हौस नव्हती असं नाही, पण सुरुवात नडीतून झाली.

कोल्हापुरात हे काम करणारे हात तयार होते, त्याचं कारण मोटारीत नाही, उसात आहे. पंचगंगेच्या काठी पाणी उपसायला ऑइल इंजिनं आली, ऊस गाळायला चरक आले, आणि त्यांचे मोडलेले भाग दुरुस्त करता करता इथल्या मेस्त्रींनी ते भाग ओतायला सुरुवात केली. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून माल येणं आटलं तेव्हा या धंद्याला जोर चढला. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत आजही आदराने घेतली जातात. पोवारांच्या नावाची वसाहत शेजारीच आहे. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा घडवला तो याच गावात. परदेशी वस्तू खोलायची, नीट बघायची आणि आपल्या भट्टीत तशीच काढायची, हा इथला रिवाज. पुढे फाउंड्र्या शिरोली आणि गोकुळ शिरगावला पसरल्या आणि मोठ्या कंपन्यांचं कास्टिंग करू लागल्या, पण उद्यमनगरातली एका माणसाची, एका लेथची वर्कशॉपं टिकली. सुट्या कामाला तीच उपयोगी पडतात.

ओतकामाची एक खोच इथे सांगितलीच पाहिजे. जुनी जाळी मिळाली, पण तुटकी. ती सांधून वाळूत दाबली, साचा घेतला, ॲल्युमिनियम ओतलं, तर निघालेली जाळी मूळ मापाची नसते. धातू थंड होताना आकसतो, बिडात मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर, ॲल्युमिनियममध्ये तेराच्या आसपास. ॲम्बॅसेडरसारख्या रुंद तोंडाच्या गाडीला एवढी तफावत म्हणजे स्क्रूचं एकही भोक जुळणार नाही. म्हणून पॅटर्न करणारा जाळीच्या कडांना लांबी (पुटी) लावून माप मुद्दाम वाढवून घेतो, नाहीतर जाळी दोन तुकड्यांत ओतून मधला सांधा कंपनीच्या चिन्हामागे लपवतो. दुसरा मार्ग मला जास्त हुशारीचा वाटतो. कारण तोंडाच्या बरोबर मध्यावर चिन्ह असतंच, आणि दोन वेगळ्या मॉडेलांचे अर्धे भाग जोडतानाही हीच युक्ती चालते.

परदेशी जाळ्यांचा मूळ धातू हीसुद्धा कटकट होती. युद्धानंतरच्या अमेरिकन जाळ्यांत जस्ताच्या मिश्रधातूचं ओतकाम भरपूर. हा धातू साच्यात नक्षी सुरेख घेतो, पण पन्नास पावसाळे खाल्ल्यावर क्रोमखाली फोड येतात आणि गॅस लावला तर सांधा धरण्याआधीच वितळून खाली पडतो. त्यामुळे त्याला वेल्डिंग न करता मागून पितळी पट्टी रिव्हेटने मारतात. क्रोम नव्याने चढवायचं तर आधी जुनं उतरवायचं, फोड घासून काढायचे, तांब्याचा थर द्यायचा, तो बफ करायचा, मग निकेल आणि शेवटी क्रोमचा अगदी पातळ हात. चकाकी क्रोमची वाटते, पण मेहनत सगळी तांब्याच्या थरात असते.

जीपची गोष्ट वेगळी, आणि आपल्या भागात ती जास्त महत्त्वाची. विलीजच्या पहिल्या लष्करी जीपला लोखंडी पट्ट्या वेल्ड करून केलेली जाळी होती. फोर्डने त्याऐवजी एकाच पत्र्यात नऊ खाचा ठोकून काढल्या. हलकी आणि स्वस्त. मग विलीजनेही तीच उचलली. १९४५ मध्ये नागरी जीप आली, तिला मोठे दिवे बसवायचे म्हणून जागा लागली आणि खाचा नवाच्या सात झाल्या. महिंद्राने विलीजच्या जीप इथे जोडायला आणि मग बनवायला घेतल्या. लष्कराने विकून टाकलेल्या डिस्पोजलच्या जीप आणि महिंद्राच्या जीप मिळून ग्रामीण महाराष्ट्राला सपाट पत्र्याचं तोंड मिळालं. त्याचं वैशिष्ट्य असं, की ते कुणालाही करता येतं. पत्रा, छिन्नी, कानस आणि पुठ्ठ्याचा साचा. वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपवाल्यांनी तर या तोंडावर काय काय केलं नाही. खाचांमागे स्टीलचे पाइप, वर ट्रकची पट्टी, मध्ये गावदेवाचं नाव. जुन्या जीपच्या तोंडात पुढच्या मॉडेलची जाळी बसवली की धंद्यातली गाडी दोन-चार वर्षांनी तरुण दिसायची, आणि प्रवासी चकचकीत गाडीत आधी बसतात.

ॲम्बॅसेडरच्या बाबतीत तर कंपनीनेच वाट दाखवली. मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतलेली ती गाडी १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत निघाली आणि मार्क टू, मार्क थ्री, मार्क फोर असं म्हणताना बदल डोळ्यांत भरायचा तो मुख्यतः तोंडात. मधला सांगाडा तोच. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं त्या काळात, मग मार्क टूच्या मालकाने मार्क थ्रीची जाळी शोधली तर नवल काय? फियाटवाल्यांचंही तेच, पण फियाटची जाळी बारीक आणि तिच्याशी खेळायला वाव कमी.

१९९३ मध्ये प्रवासी मोटारी बनवायला लागणारी सरकारी परवान्याची अट उठली. दहा-पंधरा वर्षांत रस्त्यावर इतकी मॉडेलं आली, की कॅलिफोर्नियातल्या पोरांची जुनी चैन आपल्या पोरांनाही परवडू लागली. नाद असणाऱ्यांना कोल्हापुरात तोटा नव्हताच. फक्त आता जाळी धातूची राहिली नव्हती. स्पेअर पार्टच्या दुकानात ‘शो’ म्हणून मिळते ती प्लास्टिकची, आणि प्लास्टिकला वेगळा स्वभाव आहे. तुकडे जोडायच्या आधी मागे कोरलेली खूण वाचावी लागते. एबीएस जातीचं प्लास्टिक असेल तर ॲसिटोनमध्ये त्याचाच चुरा विरघळवून केलेली लापशी दोन तुकड्यांना एकजीव करते. पीपी जातीचं असेल तर ॲसिटोनचा त्याच्यावर काहीच परिणाम होत नाही, ते तापवूनच जोडावं लागतं. क्रोमचा थर सांध्याच्या जागी घासून काढला नाही तर गोंद क्रोमला चिकटतो, प्लास्टिकला नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात पापुद्र्यासकट सुटतो. चांगला मेस्त्री सांध्यामागे स्टीलच्या जाळीचा तुकडा गरम इस्त्रीने दाबून बसवतो, वर लांबी, घासकाम, प्रायमर. आणि कापायच्या आधी बॉनेटच्या मध्यापासून बंपरच्या मध्यापर्यंत दोरा ताणतो. दिवे दोन्हीकडे सारखे दिसतात, पण गाडी एकदा ठोकलेली असेल तर ते सारखे नसतात, आणि नवी जाळी ते उघडं पाडते.

दिसण्याच्या नादात हवा विसरली जाते, ही माझी जुनी तक्रार. बारीक छिद्रांची जाळी आणि तिच्यामागे काळा पत्रा लावलेली गाडी शहरात काही बोलत नाही. वैभववाडीहून करूळ घाट भरल्या गाडीने चढताना तापमानाचा काटा वर सरकतो, कारण तिथे वेग नसतो आणि सगळा भार पंख्यावर येतो.

कायद्याने या हौसेला दोन वेळा टोकलं. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने पुढच्या लोखंडी गार्डांवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, आधार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं म्हटलं. आरसीत जाळीचा रकाना नसतो, त्यामुळे ती सहसा नजरेतून सुटते, पण बंपर कापून बसवलेली जाळी सुटेलच असं नाही. तोंडावरचा सगळ्यात मोठा वाद मात्र कंपन्यांमध्येच झाला. महिंद्राची रॉक्सर जीपसारखी दिसते, अशी तक्रार फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये अमेरिकेत केली. २०२० मध्ये निकाल महिंद्राच्या विरोधात गेला आणि रॉक्सरचा पुढचा भाग बदलावा लागला.

आता नव्या गाड्यांत आणखी एक अडचण आली आहे. पुढच्या गाडीचं अंतर मोजणारं रडार बऱ्याच मॉडेलांत कंपनीच्या चिन्हामागे किंवा खालच्या जाळीत बसवलेलं असतं. त्याच्यापुढे धातूची पट्टी किंवा जाड क्रोम आलं तर लहरी परततात आणि डॅशबोर्डवर इशारा पेटतो. अशा गाडीचा ‘शो’ हलवायचा तर रडार पुन्हा सरळ लावून मोजून घ्यावं लागतं, आणि त्याची यंत्रं उद्यमनगरातल्या छोट्या गॅरेजांत सहसा नसतात. म्हणून जोडाजोडीची हौस असलेले बरेचजण अजून जुन्या थार, बोलेरो आणि जिप्सीच शोधत फिरतात.