बाहुलीने फसवायलाच हवं

"बाहुल्यांवर शिकलेली नर्स माणसाला काय हात लावणार?" नर्सिंगच्या शिक्षणात सिम्युलेशनचा, म्हणजे खऱ्या पेशंटऐवजी बाहुलीवर प्रसंग उभा करून सराव देण्याचा, विषय निघाला की हे वाक्य कुठून ना कुठून येतंच. त्याच्या पाठोपाठ दुसरं येतं: हे हातगुणाचं काम, शिकवून येत नाही. पहिलं वाक्य गैरसमजातून येतं, दुसरं मात्र सरळ अंधश्रद्धा आहे. एखादीच्या हाताला गुण असतो म्हणजे तिने तेच काम शेकडो वेळा केलेलं असतं आणि तिच्या चुका कुणीतरी वेळेवर दाखवलेल्या असतात. तो सराव कुणाच्या अंगावर झाला, हे मात्र आपण विचारत नाही.

बाहुली तशी जुनीच. १९११ साली अमेरिकेतल्या हार्टफर्ड इथल्या रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलसाठी मार्था चेस यांनी माणसाएवढी बाहुली बनवून दिली. तिचं नाव 'मिसेस चेस'. तिला कुशीवर वळवायचं, उचलायचं, कपडे बदलायचे. पुढे तिच्या दंडावर इंजेक्शनची जागाही आली. १९६० मध्ये नॉर्वेच्या आसमुंड लेर्दाल यांनी तोंडाने श्वास देण्याच्या सरावासाठी 'रिससी अ‍ॅन' आणली. चेस बाहुल्या बनवायच्या, लेर्दाल खेळणी. म्हणजे खेळण्यांच्या धंद्याने वैद्यकशिक्षणावर मोठेच उपकार केलेत. पण या बाहुल्यांवर हात बसायचा, नजर तयार व्हायची नाही. त्यांची तब्येत कधी बिघडतच नसे.

तब्येत बिघडणं म्हणजे काय, ते रक्तस्रावात बघा. मला शरीरशास्त्रातली सगळ्यांत आवडणारी लबाडी हीच.

हृदय एका ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त ढकलतं. मिनिटाला ७० ठोके, म्हणजे जवळपास ५ लिटर. रक्त वाहून गेलं की हृदयाकडे परतणारं रक्त घटतं आणि एका ठोक्याला ५०च मिलिलिटर बाहेर पडतं. मानेतल्या आणि हृदयाजवळच्या मोठ्या रोहिण्यांच्या भिंतीत ताण मोजणाऱ्या चेतातंतूंची टोकं असतात. ताण कमी झाल्याचं ती मेंदूला लगेच कळवतात. मेंदू ठोके वाढवतो: ५० गुणिले १००, पुन्हा ५ लिटर! शिवाय त्वचेच्या आणि आतड्याच्या बारीक रोहिण्या आवळल्या जातात. रक्तदाब हा प्रवाह आणि अडथळा यांचा गुणाकार असल्यामुळे वरचा आकडा टिकून राहतो. आवळण्यामुळे खालचा आकडा तर कधी थोडा वाढतोसुद्धा, म्हणून दोन्हींतलं अंतर कमी होतं. निरोगी तरुण माणसाचं जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत वरचा बीपी ठीकठाक दिसू शकतो. मग तो धाडकन कोसळतो. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढलेलं असतं, त्यामुळे बाळंतिणीचं शरीर ही लपवाछपवी आणखी लांबवतं.

आता सिम्युलेशनचा प्रसंग. आजच्या बाहुलीची तब्येत बाहेरून बिघडवता येते. बाळंतीण म्हणून झोपवलेल्या बाहुलीची नाडी ८०, वरचा बीपी ११८. काचेपलीकडे बसलेली शिक्षिका काही मिनिटांनी आकडे बदलते: नाडी ११२, बीपी ११४. विद्यार्थिनी म्हणते, "बीपी नॉर्मल," आणि फाइल लिहायला वळते. नाडीला बीपीने भागलं असतं तर आधीचं ०.६८ आता ०.९८ झालेलं दिसलं असतं. बाळंतिणीत हा आकडा ०.९च्या वर गेला की सावध व्हायचं असतं. आणखी थोड्या वेळात बीपी ७० आणि सगळ्यांची धावपळ. खऱ्या वॉर्डात अशा वेळी विद्यार्थिनीला बाजूला सारतात, आणि ते योग्यच आहे. इथे मात्र तिला पुरतं फसू दिलं जातं.

खरं शिकणं त्यानंतरच्या चर्चेत होतं. तिला डीब्रीफिंग म्हणतात, आणि पुष्कळदा ती मूळ प्रसंगापेक्षा जास्त वेळ चालते. "नाडी का नाही बघितलीस?" असं विचारलं की विद्यार्थिनी मान खाली घालते, बाकी काही होत नाही. कसलेली शिक्षिका म्हणते, "तू बीपी बघून फाइलकडे वळलीस. मला तेव्हा ११२ नाडीची धास्ती वाटत होती. तुझ्या मनात काय चाललं होतं?" उत्तर येतं, "मॅडम, बीपी नॉर्मल म्हणजे पेशंट स्थिर, असं वाटलं." सापडलं! चूक हाताची नव्हती, या समजुतीची होती, आणि ती बाहेर आल्याशिवाय दुरुस्त होत नाही. ही चर्चा वगळली तर सिम्युलेशनचं नुसतं नाटक उरतं.

म्हणूनच महागडे पुतळे आणि डोळ्यांवर चढवायचे आभासी चष्मे यांच्या जाहिराती वाचून मी फारसा हुरळत नाही. 'मामानाताली' नावाचं बाळंतपणाच्या सरावाचं एक साधन जिवंत बाई पोटावर बांधते. लाल पाण्याची पिशवी तिच्याच हाताशी असते, रक्तस्राव किती करायचा ते तीच ठरवते आणि "चक्कर येतेय" असं म्हणूही शकते. उलट बहुतेक महाग पुतळ्यांचा हात गार पडत नाही. "हात गार लागतोय" हे शिक्षिकेलाच सांगावं लागतं.

मग वॉर्डातले तास कमी करायचे का? २०१४ मध्ये अमेरिकेत १० नर्सिंग अभ्यासक्रमांतल्या ६६६ विद्यार्थ्यांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काही गटांत वॉर्डातले निम्म्यापर्यंत तास सिम्युलेशनला दिले होते, तरी परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही. पण तिथल्या शिक्षकांना रीतसर प्रशिक्षण होतं आणि प्रत्येक प्रसंगामागे पद्धतशीर चर्चा होती. शिवाय निम्मे म्हणजे सगळे नव्हेत.

एक अडचण उरतेच. लॅबमध्ये पाऊल टाकतानाच विद्यार्थिनीला ठाऊक असतं की आज काहीतरी बिघडणार. वॉर्डात तसं कुणी आधी सांगत नाही. माझ्या मते अधूनमधून असाही प्रसंग ठेवावा, ज्यात नाडी ८०, बीपी ११८, आणि बाळंतीण फक्त प्यायला पाणी मागतेय.