सुरिनामचं स्वातंत्र्य आणि पासपोर्टची वाटणी

25 नोव्हेंबर 1975 रोजी सुरिनाम ही दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत स्वतंत्र झाली, आणि त्या दिवशी माणूस कुठे राहत होता यावर त्याचं नागरिकत्व ठरलं. नेदरलँड्स आणि सुरिनाम यांच्यातल्या राष्ट्रीयत्व वाटणीच्या करारात मुख्य प्रश्न तीन होते: जन्म कुठला, वास्तव्य कुठे आणि वय किती. सुरिनाममध्ये जन्मलेला, त्या दिवशी तिथेच राहणारा सज्ञान माणूस सुरिनामी झाला आणि त्याचं डच नागरिकत्व गेलं. नेदरलँड्समध्ये राहणारा डचच राहिला. सज्ञान म्हणजे 18 पूर्ण, किंवा त्याआधी लग्न झालेला. औरस अल्पवयीन मुलं बापामागे गेली. बाप रॉटरडॅममध्ये आणि आई मुलांसह सुरिनाममधल्या निकेरीत असेल, तर मुलं डच आणि आई सुरिनामी. दोन सख्ख्या भावांपैकी एक आधीच आम्स्टरडॅमला स्थायिक झालेला आणि दुसरा घर विकायला सुरिनामची राजधानी पारामारिबोत थांबलेला असेल, तर ते दोन देशांचे नागरिक झाले.

हा गुंता समजायला थोडं मागे जावं लागतं. 15 डिसेंबर 1954 च्या राज्यसनदेने, म्हणजे नेदरलँड्स आणि त्याच्या वसाहती मिळून बनलेल्या डच राज्याच्या घटनेने, सुरिनाम आणि कॅरिबियनमधली नेदरलँड्स अँटिल्स ही बेटं यांना अंतर्गत स्वायत्तता मिळाली. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार आणि नागरिकत्व मात्र या राज्याकडे, म्हणजे व्यवहारात हेगमधल्या डच सरकारकडे राहिलं. प्रत्येक सुरिनामी माणूस डच नागरिक होता आणि विमानाच्या तिकिटापलीकडे त्याला काही लागत नव्हतं. मे 1969 मध्ये अँटिल्सपैकी क्युरासाओ बेटावर संपावरून दंगल पेटली, तिथल्या विलेमस्टाड शहराचा काही भाग जळाला आणि डच मरीन सैनिक रस्त्यावर उतरले. ही दृश्यं जगभर गेल्यावर वसाहती नकोतच, असं हेगमधल्या अनेकांना वाटू लागलं. सुरिनाममधून वाढणारं स्थलांतर हे दुसरं कारण, उघडपणे कमी बोललं गेलेलं, पण माझ्या मते तेवढंच वजनदार. स्वातंत्र्य दिलं की दार आपोआप बंद होईल, असा हिशोब होता.

1973 मध्ये नेदरलँड्समध्ये सत्तेवर आलेल्या योप डेन उइल यांच्या सरकारला हे काम आपल्याच कारकिर्दीत उरकायचं होतं. सुरिनामचे पंतप्रधान हेंक आरॉन यांनी फेब्रुवारी 1974 मध्ये 1975 अखेरची मुदत जाहीर केली. त्यांच्या आघाडीला मुख्यतः क्रिओल, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या लोकांचा आधार होता. विरोधी बाकांवर जगरनाथ लच्छमन यांचा हिंदुस्तानी पक्ष होता. 1873 पासून 1916 पर्यंत कलकत्त्याहून करारावर नेलेल्या सुमारे 34 हजार मजुरांचे वंशज म्हणजे हे हिंदुस्तानी. त्यांचा स्वातंत्र्याला तत्त्वतः विरोध नव्हता, घाईला होता. शेजारच्या ब्रिटिश गयानात आफ्रिकी आणि भारतीय वंशीयांमधल्या दंगली त्यांनी पाहिल्या होत्या. शेवटी विरोधी बाकांवरचे जॉर्ज हिंदोरी सरकारच्या बाजूला गेले आणि संसदेतली कोंडी फुटली.

तोवर विमानं भरून निघत होती. तारीख जाहीर केल्याचा परिणाम उलटा झाला: आज ना उद्या जाऊ म्हणणारे आजच निघाले. एकट्या 1975 मध्ये सुमारे 40 हजार माणसं नेदरलँड्सला पोचली. देशाची लोकसंख्या जेमतेम पावणेचार लाख. शिक्षक, परिचारिका, कारकून गेले, म्हणजे नवं राज्य चालवणारेच गेले. त्यातच वेगळ्या करारान्वये सुरिनामी नागरिकांना आणखी पाच वर्षं नेदरलँड्समध्ये स्थायिक होण्याची सवलत होती. ती 1980 मध्ये संपायची, त्यामुळे 1979-80 ला दुसरी लाट आली. ज्या उपायाने स्थलांतर थांबायचं होतं, त्यानेच दोनदा लोंढा आणला.

स्वातंत्र्यासोबत नेदरलँड्सकडून मदत ठरली ती 350 कोटी गिल्डर, म्हणजे तेव्हाचं डच चलन. त्यातले 270 कोटी थेट अनुदान, 50 कोटी कर्जांची हमी आणि उरलेले 30 कोटी सुरिनामनेही वाटा घातला तर मिळणारे. डोई पाहता रक्कम प्रचंड, पण ती खर्च करायला प्रकल्प आणि माणसं हवीत. मोठा घास घेतला तो पश्चिम सुरिनाम योजनेने: बाखहाउसच्या डोंगरातलं बॉक्साइट, कोरंतेन नदीवरचं अपूरा हे बंदर आणि दोहोंमध्ये सुमारे 70 किलोमीटर रेल्वे. रूळ पडले, पण त्यावरून बॉक्साइटचा व्यापार कधी झाला नाही. ॲल्युमिनियम वितळवायला वीज हवी होती, ती देणारं काबालेबो धरण बांधलंच गेलं नाही. रुळांवर जंगल चढलं.

25 फेब्रुवारी 1980 रोजी सुरिनामी लष्करातल्या 16 सार्जंटांनी सत्ता घेतली. पुढे त्यांच्यातले देसी बाउटर्से हेच सर्वेसर्वा झाले. 8 डिसेंबर 1982 रोजी पारामारिबोतल्या फोर्ट झीलांडिया किल्ल्यात 15 विरोधकांना गोळ्या घालण्यात आल्या आणि नेदरलँड्सने मदत गोठवली. त्याच हत्यांच्या खटल्यात बाउटर्सेंना 2019 मध्ये 20 वर्षांची शिक्षा झाली, तीही ते दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदावर असताना.

अँटिल्सची बेटं हे सगळं बघत होती आणि स्वातंत्र्याच्या वाटेला गेली नाहीत. अरुबा 1986 मध्ये अँटिल्सपासून वेगळा झाला, 10 ऑक्टोबर 2010 रोजी अँटिल्सच विसर्जित झाले. पण सहाही बेटं डच राज्यातच राहिली.

हिशोब अजून चालू आहे तो सुरिनामहून नेदरलँड्सला आलेल्या वृद्धांच्या पेन्शनचा. डच सरकारी पेन्शन नेदरलँड्समधल्या वास्तव्यावर जमते, वर्षाला 2 टक्के, पूर्ण पेन्शनसाठी 50 वर्षं. 1945 मध्ये जन्मून तिसाव्या वर्षी तिथे पोचलेल्याची 15 ते 30 वयाची वर्षं बुडतात, म्हणजे पेन्शन 30 टक्क्यांनी कमी. तेव्हा आम्ही डच नागरिक होतो, डच राज्यातच राहत होतो, हा त्यांचा युक्तिवाद. कायदा मात्र राज्याचा हिशोब करत नाही, फक्त नेदरलँड्सचा करतो. 2024 मध्ये सरकारने स्वातंत्र्यापूर्वी आलेल्या पात्र वृद्धांसाठी 5,000 युरोंची एकरकमी रक्कम सुरू केली, तीही कोणतंही कायदेशीर देणं मान्य न करता. कापलेली पेन्शन कापलेलीच राहिली.