रूपक की ‘समजा असे घडले तर’? ख्रिस्ती अद्भुतकथेची पार्श्वभूमी

जे कधी घडलेच नाही ते सांगून सत्य कसे शिकवता येईल, हा प्रश्न श्रद्धाळू ख्रिस्ती वाचकांसाठी अद्भुतकथा लिहिणाऱ्यांना आजही विचारला जातो. तो जवळजवळ साडेतीनशे वर्षे जुना आहे. अधिकृत चर्चबाहेर उपदेश केल्याबद्दल १६६० पासून बारा वर्षे बेडफर्डच्या तुरुंगात काढलेल्या जॉन बन्यन या इंग्रज उपदेशकाने १६७८ मध्ये ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’ ही एका यात्रेकरूची रूपककथा प्रसिद्ध केली. त्याच्या आरंभीच्या पद्यात, काही मित्र छाप म्हणाले आणि काही नको म्हणाले, असे तो प्रांजळपणे सांगतो. खुद्द पवित्र शास्त्रच रूपकांनी आणि दाखल्यांनी बोलते, हे त्याचे उत्तर मात्र खोडून काढणे अवघड होते. हरि केशवजींनी हे पुस्तक ‘यात्रिकक्रमण’ या नावाने १८४१ मध्ये मराठीत आणले, म्हणजे मराठीतली पहिली कादंबरी मानल्या जाणाऱ्या, बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’च्याही सोळा वर्षे आधी.

बन्यनच्या पात्रांच्या नावातच त्यांचा अर्थ असतो. ही पद्धत मोडली ती स्कॉटिश लेखक जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी. मंडळीला न पटणाऱ्या मतांमुळे १८५३ मध्ये अरुंडेलचे पाळकपद सोडावे लागलेल्या या माणसाने १८५८ मध्ये ‘फॅन्टास्टिस’ लिहिले. त्यात उपदेश नाही, आहे ते एक स्वप्नासारखे परीराज्य. पुढे ‘नार्निया’ या मुलांच्या अद्भुतकथामालेचे लेखक झालेल्या, पण तेव्हा किशोरवयातल्या आणि नास्तिक असलेल्या सी. एस. लुईस यांच्या हाती ते पडले, आणि आपल्या कल्पनाशक्तीचा बाप्तिस्मा त्यातून झाला, असे त्यांनी नंतर लिहिले.

ख्रिस्ती श्रद्धा लुईस यांच्या बुद्धीला पटायला मात्र आणखी काळ गेला. सप्टेंबर १९३१ मधल्या एका रात्री ऑक्सफर्डमध्ये जे. आर. आर. टॉल्किन आणि ह्यूगो डायसन या मित्रांनी त्यांच्याशी वाद घातला, की ख्रिस्ताची कथा ही खरोखर घडलेली पुराणकथा आहे. काही दिवसांतच लुईस यांनी ख्रिस्ताचा स्वीकार केला. गंमत अशी, की लुईस आणि टॉल्किन या दोन मित्रांचे पुढे कथेच्या रीतीवर जमले नाही. नार्निया हे रूपक नव्हे, असे लुईस म्हणत. तशी एखादी सृष्टी असती आणि इथे मनुष्य झालेला देवपुत्र तिथे सिंह होऊन आला असता तर काय घडले असते, याची ती कल्पना आहे. टॉल्किन यांना नार्निया रुचली नाही. निर्मात्याच्या प्रतिमेत घडलेला माणूस स्वतःही सृष्टी रचतो, हे त्यांनी १९३९ च्या सेंट अँड्र्यूज येथील व्याख्यानात मांडले होते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ मुळातच कॅथलिक आहे आणि म्हणूनच त्यातून उपासनापद्धतीचे उल्लेख काढले, असे १९५३ मध्ये जेझुइट या कॅथलिक संघातल्या एका मित्राला कळवणारा हा लेखक उघड खुणांना नाके मुरडणारच.

अमेरिकेतल्या धार्मिक पुस्तकांच्या दुकानांना मात्र उघड खुणाच हव्या होत्या. फ्रँक पेरेटी यांच्या १९८६ च्या ‘धिस प्रेझेंट डार्कनेस’मध्ये एका छोट्या गावावर देवदूत आणि दुरात्मे लढतात आणि भाविकांच्या प्रार्थनेने देवदूतांचे बळ वाढते. काल्पनिक सृष्टीऐवजी ओळखीचे गाव, ओळखीची प्रार्थना आणि नावानिशी शत्रू मिळाल्याने वाचकाला अर्थ शोधत बसावे लागले नाही. माझ्या मते ही वाट नार्नियापेक्षा बेडफर्डच्या तुरुंगाला जवळची आहे.