माउस हलवला की स्पीकरमध्ये चिरचिर

कॉम्प्युटर अ‍ॅम्प्लिफायरला जोडला की गाणं सुरू नसतानाही स्पीकरमधून बारीक घूं घूं येते. माउस हलवला, पान वरखाली सरकवलं, की तिच्यात चिरचिर मिसळते. बहुतेक जण साउंड कार्डाला दोष देतात आणि नवं घ्यायला निघतात. पैसे घालवण्याआधी वायरींकडे बघा, असं मी आग्रहाने सांगेन. हा गोंगाट बरेचदा वाटेत शिरलेला असतो.

साध्या ३.५ मिलिमीटरच्या ऑडिओ केबलमध्ये डाव्या-उजव्या स्पीकरसाठी एकेक तार आणि दोघांना सामाईक ग्राउंड, म्हणजे परतीची तार, असतो. अ‍ॅम्प्लिफायर सिग्नल मोजतो तो या ग्राउंडच्या तुलनेत. दोन्ही उपकरणं तीन पिनांच्या प्लगवर असतील, तर ती अर्थिंगनेही जोडलेली असतात आणि केबलनेही. असं बंद वेटोळं झालं, की त्यातून नको तो करंट वाहतो आणि केबलच्या किंचित रोधामुळे ग्राउंडचीच पातळी हलते. एक मिलिव्होल्टने हलली तरी पुरे. एक व्होल्टाच्या सिग्नलपेक्षा हा गोंगाट फक्त ६० डेसिबल खाली. १६ बिटांच्या सीडीचा पल्ला, म्हणजे सर्वात मोठ्या आणि सर्वात बारीक आवाजातलं अंतर, मात्र ९६ डेसिबलच्या आसपास. तानपुऱ्याचा विरत जाणारा झंकार त्या घूंमध्ये बुडतो.

घूं येते ती विजेच्या ५० हर्ट्झमधून आणि त्याच्या १००, १५० अशा पटींतून. चिरचिरीचं कारण वेगळं. माउस हलला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड ओढत असलेला करंट क्षणोक्षणी बदलतो आणि त्याचा थोडा भाग याच ग्राउंडवरून परततो. म्हणूनच यूएसबीचा महागडा डॅक (डिजिटल आवाजाचा विद्युत सिग्नल करणारं उपकरण) आणूनही चिरचिर तशीच राहू शकते. यूएसबी केबलमधूनही ग्राउंड जातोच.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर गाणं लावा. गोंगाट गेला, तर वेटोळ्याचाच संशय धरा. दोन्ही प्लग एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये ऑडिओ आयसोलेटर लावा. त्यातला छोटा ट्रान्सफॉर्मर सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पुढे पाठवतो, तारेचा सलग संबंध उरत नाही. (स्वस्तातले खर्ज थोडा खातात.) ऑप्टिकल जोडणीची सोय असेल तर उत्तमच, तिथे प्रकाश जातो, करंट नाही. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. गोंगाट जाईल, पण उद्या बिघाड होऊन बॉडीत वीज उतरली, तर शॉकने जीव जाऊ शकतो.

नुसत्या हेडफोनमध्ये खरखर असेल, तर हे वेटोळं नसतं. डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटमध्ये मदरबोर्डाजवळून फिरत येते. हेडफोन मागच्या जॅकला लावून बघा.