एक जुलै ते तीस जून: रोटरी क्लबच्या सेवाकार्यामागचा इतिहास

तालुक्याच्या गावात शिरताना स्वागत फलकावर रोटरी क्लबचं दातेरी चाकाचं चिन्ह हमखास दिसतं. २४ दाते, सहा आरे आणि मधल्या भोकाला एक छोटी चौकोनी खाच. ही खाच १९२४ च्या सुमाराची. आधीच्या चिन्हातलं चाक यंत्र म्हणून चालूच शकणार नाही, असं रोटरीतल्याच इंजिनिअर मंडळींचं म्हणणं होतं. शाफ्टची चावी बसायला खाच नसेल तर चाक दांड्यावर नुसतं गरगरतं, जोर पुढे पोचवत नाही. ही चूक चिन्हापुरती सुधारली गेली. क्लबच्या कामात मात्र तिच्यासारखीच एक अडचण अजून आहे, आणि तिचं मूळ सेवाभावापेक्षा हिशेबाच्या वर्षात जास्त आहे.

मुळात रोटरी सेवेसाठी सुरू झाली नव्हती. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोतल्या युनिटी बिल्डिंगमध्ये ७११ नंबरच्या खोलीत चौघे जमले: वकील पॉल हॅरिस, कोळशाचे व्यापारी सिल्व्हेस्टर शील, खाणींचे इंजिनिअर गुस्टाव्हस लोअर आणि कपडे शिवण्याचा व्यवसाय असलेले हायरम शोरी. शहरात ओळखी वाढाव्यात आणि एकमेकांना धंदा मिळावा, एवढाच हेतू. बैठक आळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत, आणि एका व्यवसायातला एकच सभासद, म्हणजे आपसात स्पर्धा नको.

पहिलं सार्वजनिक काम निघालं ते १९०७ मध्ये, आणि तेही मुतारीचं. शिकागोच्या मध्यभागी सार्वजनिक स्वच्छतागृह असावं म्हणून क्लबने महापालिकेकडे पाठपुरावा केला. विरोध दोन बाजूंनी आला: दारूवाल्यांकडून आणि बड्या डिपार्टमेंट स्टोअरवाल्यांकडून. सोय त्यांच्याकडे होतीच, आणि त्या निमित्ताने आत आलेला माणूस काहीतरी विकत घेऊन जायचा. तरी १९०९ मध्ये महापालिकेच्या इमारतीजवळ स्वच्छतागृह उभं राहिलं. यात क्लबने स्वतः फारसं बांधलं नाही. लोकांना एकत्र आणलं, दबाव ठेवला आणि बांधकाम व देखभाल ज्याचं काम त्याच्याकडेच, म्हणजे शहराकडे, राहू दिली. पुढच्या शंभर वर्षांत टिकलेले बहुतेक प्रकल्प याच वाटेने गेलेले दिसतात.

भारतात पहिला क्लब कलकत्त्याचा, १९१९-२० चा, सुरुवातीला बराचसा युरोपीय व्यापाऱ्यांचा. मुंबईचा क्लब १९२९ चा, पुण्याचा १९३६ चा. १९६२-६३ मध्ये कलकत्त्याचे नितीश लाहिरी जागतिक अध्यक्ष झाले. स्त्रियांना सभासदत्व मिळायला १९८९ उजाडावं लागलं, तेही अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये एका क्लबच्या खटल्यात निकाल दिल्यानंतर. तोपर्यंत सभासदांच्या बायका ‘ॲन’ आणि मुलं ‘ॲनेट’. आपल्याकडच्या क्लबांत ही नावं अजून कानावर पडतात. लायन्स क्लब या दुसऱ्या सेवासंघटनेची वाट थोडी वेगळी. ती संघटना १९१७ ची, तीही शिकागोचीच. १९२५ मध्ये हेलन केलर यांनी लायन्सच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करण्याचं आवाहन केलं आणि डोळ्यांचं काम ही त्यांची ओळख झाली. भारतात लायन्स आले १९५६ मध्ये, मुंबईमार्गे.

एका व्यवसायातला एकच सभासद हा नियम आता सैल झालाय, पण त्याची छाप प्रकल्पांवर राहिली. गावच्या क्लबात एक सर्जन, एक बिल्डर, एक सीए, एक छापखानावाला, एक कॉलेजचा प्राचार्य असायचाच. सर्जन अध्यक्ष झाला की शिबिरांचं वर्ष, बिल्डर झाला की बंधाऱ्याचं. गावाला काय हवंय यापेक्षा अध्यक्षाला काय येतं, यावर बरंच ठरतं. हे वाईटच असतं असं नाही. माहितीतलं काम माणूस नीट करतो.

खरी गोम आहे वर्षात. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. १९१२ मध्ये मध्यवर्ती संघटनेचे हिशेब तपासणाऱ्यांनी सुचवलं, की उन्हाळ्यातल्या अधिवेशनाआधी ताळेबंद तयार व्हावा म्हणून वर्ष ३० जूनला संपवा. १९१३ पासून तसं झालं. अमेरिकेत ते सोयीचं होतं. आपल्याकडे १ जुलै म्हणजे ऐन पावसाळा. पदग्रहण समारंभ, कॉलर, हारतुरे होतात आणि बाहेर चिखल असतो. बांधकाम ऑक्टोबरशिवाय निघत नाही, अनुदानाच्या मंजुरीला काही महिने जातात, कंपन्यांचा पैसा ३१ मार्चच्या आत खर्च व्हावा लागतो आणि शाळा एप्रिलअखेर रिकाम्या होतात. अध्यक्षाच्या हातात खरं काम करायला डिसेंबर ते मार्च एवढाच काळ उरतो. मग मे-जूनमध्ये उद्घाटनांची रांग लागते, आणि १ जुलैला नवा अध्यक्ष नवं काही सुरू करतो. जुन्याची किल्ली कुणाकडे आहे, हे पुष्कळदा कुणालाच ठाऊक नसतं.

याचा सगळ्यात जास्त फटका शाळांतल्या पाण्याच्या प्रकल्पांना बसतो. क्लब आरओ बसवतो, कारण देणगीदाराला आरओ माहीत असतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असले तर चालतात. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत मुभा आहे. धरणाचं पाणी येणाऱ्या गावात हा आकडा बहुधा ५०० च्या बराच खाली असतो. तिथे गाळणी आणि निर्जंतुकीकरण पुरतं. आरओ लावला तर चांगलं पाणी जेवढं मिळतं तेवढं किंवा त्याहून जास्त गटारात जातं. बोअरचं जड पाणी असेल तिथे आरओची गरज खरी, पण तिथेच मेंब्रेनवर, म्हणजे आरओच्या आतल्या गाळणाऱ्या पातळ पडद्यावर, क्षारांचा थर लवकर बसतो. आधीची गाळणी दर काही महिन्यांनी बदलली नाही तर मेंब्रेन वर्षभरातही जाऊ शकतं. त्या खर्चासाठी शाळेकडे खातं नसतं. म्हणून बसवण्याआधी पाणी तपासून घेणं आणि पहिल्या तीन वर्षांच्या गाळण्या-मेंब्रेनचे पैसे मूळ अंदाजपत्रकातच धरणं, या दोन गोष्टी झाल्या तरच यंत्र चालू राहतं.

डायलिसिसचंही तसंच. मशीनचा फोटो छान येतो. पण चार तासांच्या एका डायलिसिसला मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबाने १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, म्हणजे आधी पाण्याचा प्लांट, मग मशीन. त्यावर प्रशिक्षित तंत्रज्ञ, बॅकअपची वीज आणि प्रत्येक वेळी नळ्या-द्रावणांचा खर्च. जिथे मशीन चालत्या रुग्णालयाला दिलं आणि क्लबने गरीब रुग्णांच्या सवलतीची रक्कम बांधून घेतली, तिथे ते वापरात राहतं.

बंधाऱ्यांची गंमत अशी, की स्वस्त बंधारा वर्षाच्या वेळापत्रकात बसतो आणि महागडा बसत नाही. सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांचा वनराई बंधारा ओढ्याची धार मंदावली की, साधारण ऑक्टोबरात, घालायचा. पोती पाऊणच भरायची, म्हणजे एकमेकांत दबून बसतात. गच्च भरलेल्या पोत्यांमध्ये फटी राहतात. थर विटांसारखे सांधे चुकवून रचायचे. पहिल्या पुरात तो वाहून जाणार हे गृहीतच असतं. सिमेंटच्या बंधाऱ्याला ती सूट नाही. तो मधून सहसा फुटत नाही, बाजूने फुटतो. भिंत दोन्ही काठांत पुरेशी आत घेतली नाही, पंखभिंती आखूड ठेवल्या, की पाणी काठ खरवडून वळसा घालतं आणि बंधारा कोरडा उभा राहतो. खालच्या बाजूला दगडी पिचिंग, म्हणजे दगडांचं अस्तर, नसेल तर पडणारं पाणी पायाच उकरतं. मे महिन्यात घाईने ओतलेल्या कामात नेमक्या याच दोन गोष्टी कापल्या जातात, कारण फलकावर त्या दिसत नाहीत.

जयपूर फूटची शिबिरं महाराष्ट्रातल्या बहुतेक क्लबांनी कधी ना कधी घेतली आहेत. हा पाय १९६८ च्या सुमारास जयपुरात रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद सेठी यांनी तयार केला. रबराचं पाऊल, वर पॉलिथिनच्या पाइपपासून केलेला सॉकेट, म्हणजे कापलेला पाय आत बसतो ती खोबण. गुडघ्याखालच्या पायासाठी ठुंठाचं, म्हणजे कापून उरलेल्या भागाचं, प्लास्टरमध्ये माप घेतात, साचा भरतात, पाइप भट्टीत मऊ करून साच्यावर ओढतात. माणूस दोन-तीन दिवसांत चालत घरी जातो, म्हणून शिबिराला हे काम फार शोभतं. गडबड नंतर होते. पाय कापून थोडेच महिने झाले असतील तर ठुंठाची सूज उतरत जाते, सॉकेट ढिला पडतो, कातडी सोलवटते आणि पाय कोपऱ्यात उभा राहतो. मधुमेह्याला तर जखम झालेली कळतही नाही. म्हणून नोंदणीच्या वेळी ऑपरेशनची तारीख विचारणं, गुडघा सरळ होतो का ते पाहणं आणि सहा महिन्यांनी त्याच गावात फेरतपासणीचा दिवस ठेवणं, हे शिबिराइतकंच गरजेचं आहे. तो दिवस पुष्कळदा पुढच्या अध्यक्षाच्या वर्षात पडतो, आणि तिथेच राहतो.

मग पोलिओ कसा जमला? ते काम एका वर्षाचं नव्हतंच. १९७९ मध्ये फिलिपिन्समध्ये साठ लाख मुलांना डोस देण्याचा पाच वर्षांचा प्रकल्प रोटरीने हाती घेतला. १९८५ मध्ये पोलिओप्लस ही रोटरीची जगभरची मोहीम जाहीर झाली. १२ कोटी डॉलर गोळा करायचं ठरलं होतं, १९८८ पर्यंत जमले २४ कोटी ७० लाख. त्याच वर्षी जागतिक आरोग्य परिषदेने निर्मूलनाचा ठराव केला. तेव्हा १२५ देशांत मिळून वर्षाला सुमारे साडेतीन लाख मुलं लुळी होत होती. लक्ष्य एकच आणि तेही संघटनेने ठरवलेलं असल्याने कुठल्या अध्यक्षाला ते बदलता आलं नाही.

भारतात दिल्लीने २ ऑक्टोबर १९९४ ला सुरुवात केली. देशभरचा पहिला पल्स पोलिओ दिवस ९ डिसेंबर १९९५ चा. लस, कर्मचारी आणि नोंदी सरकारच्या. क्लबांकडे आलं ते बाकीचं: बूथसाठी मांडव, टेबलं, टोप्या, बॅनर, स्वयंसेवकांचा चहा-नाश्ता, लस पोचवायला सभासदांच्या गाड्या आणि मुलांना आणायला शिट्ट्या-फुगे. ही किरकोळ वाटणारी कामं चुकली की बूथ ओस पडतो. २० डोसांची कुपी, बर्फाच्या पाकिटांसह व्हॅक्सिन कॅरिअरमध्ये. कुपीवरच्या वर्तुळातला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला की कुपी टाकून द्यायची, कारण तिने जास्त उष्णता खाल्लेली असते. तोंडावाटे द्यायची ही लस गोठली तरी बिघडत नाही, म्हणून फ्रीझरमधली पाकिटं थेट वापरता येतात. इंजेक्शनच्या पोलिओ लसीला ते चालत नाही, तिला गोठण्यापासून जपावं लागतं. दोन थेंब, डाव्या करंगळीच्या नखावर मार्करची खूण. पुढचे काही दिवस घरोघर, दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’. ‘एक्स’ म्हणजे मूल राहिलंय, परत यायचं.

तरीही २००२ मध्ये देशात १६०० रुग्ण निघाले, प्रामुख्याने उत्तर प्रदेशात. तिथे दहा-दहा डोस घेतलेली मुलंही आजारी पडत होती. दाट वस्ती, सततचे जुलाब आणि तिन्ही प्रकारच्या विषाणूंची एकत्र लस, यामुळे पहिल्या प्रकाराविरुद्ध हवं तेवढं संरक्षण मिळत नव्हतं. २००५ मध्ये एकाच प्रकाराची आणि जानेवारी २०१० मध्ये दोन प्रकारांची लस आली. काही वस्त्यांत लसीबद्दल संशय होता. तिथे क्लबांनी उलेमांना सोबत घेतलं. नुसत्या पोस्टरांनी ते झालं नसतं. मुंबईचाही यात वाटा आहे: सांडपाण्याचे नमुने घेऊन विषाणू शोधण्याची पद्धत भारतात प्रथम मुंबईत, २००१ मध्ये सुरू झाली. २००९ मध्ये ७४१ रुग्ण, २०१० मध्ये ४२, २०११ मध्ये एक. ती १३ जानेवारी २०११ ची, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची दोन वर्षांची मुलगी. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचा आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला.

पैशाच्या बाजूनेही एका वर्षाची चौकट थोडी रुंदावली आहे. रोटरी फाउंडेशनची कल्पना १९१७ ची, आर्च क्लम्फ यांची. पहिली देणगी होती साडेसव्वीस डॉलर. आज क्लबने दिलेली वार्षिक देणगी तीन वर्षं गुंतवली जाते आणि मग तिचा साधारण निम्मा भाग डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे त्या भागातल्या क्लबांच्या गटाकडे, परत येतो. म्हणजे आजचा अध्यक्ष जे खर्चतो ते तीन वर्षांपूर्वीच्या अध्यक्षाने जमवलेलं असतं. ग्लोबल ग्रँट या फाउंडेशनच्या मोठ्या अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा हवा, दुसऱ्या देशातला भागीदार क्लब हवा आणि गावाच्या गरजेची आधी केलेली पाहणी हवी. स्वतंत्र खातं आणि दोन सह्या ही अटही आहेच. डिस्ट्रिक्टच्या पैशाला जागतिक निधीतून जोड मिळते. ती १०० टक्के होती, जुलै २०२१ पासून ८० टक्के झाली. सगळ्यात जास्त प्रस्ताव अडतात ते गरजेच्या पाहणीवर, कारण ती मशीन ठरल्यावर केलेली असते आणि वाचणाऱ्याला ते कळतं.

२०१४ पासून कंपन्यांचा सीएसआर निधी, म्हणजे सामाजिक कामावर कायद्याने खर्चायचा पैसा, आल्यावर क्लबांचे आकडे एकदम फुगले. सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्चायचे, तर विश्वासू हात हवेत. क्लबाने ट्रस्ट काढला, करसवलतीच्या नोंदणीसह बाकीच्या अटी पुऱ्या केल्या आणि सीएसआर-१ हा नोंदणीचा फॉर्म भरला की तो पात्र ठरतो. ट्रस्टचे विश्वस्त दरवर्षी बदलत नाहीत. रक्तपेढ्या, डोळ्यांची रुग्णालयं, मुंबई क्लबचा महापालिका शाळांमधला ‘भविष्य यान’सारखा उपक्रम अशी लांब पल्ल्याची कामं स्थायी समिती किंवा ट्रस्टच्या हाती असली की चालतात, कारण तिथे पगारी माणूस असतो आणि ३० जूनला तो घरी जात नाही. नव्याने काम हाती घेणाऱ्या क्लबाने शाळा किंवा ग्रामपंचायतीशी करार करताना तीन ओळी लिहून घ्याव्यात: वस्तू कुणाच्या मालकीची, दुरुस्तीचे पैसे कुठल्या खात्यातून, आणि बिघाडाचा फोन कुणाला करायचा. तिसऱ्या ओळीत अध्यक्षाचं नाव लिहू नये, पद लिहावं.