वाळवंटात जायला रुंद टायर लागतात?

दुबईत थंडी पडली की हत्ता रोडवरच्या बदायरच्या लाल वाळूत जायचे बेत आखले जातात, आणि नव्या माणसाला हमखास सल्ला मिळतो: ‘आधी रुंद टायर टाक, मग ये.’ अडीच-तीन हजार दिरहम वाचवा. कंपनीने दिलेल्या टायरवर पहिली फेरी आरामात होते, फक्त हवा काढायला हवी.

रस्त्यावर ३५ पीएसआय असलेली हवा वाळूत साधारण १५ वर आणतात. लोकांना वाटतं, त्याने टायर रुंद होतो. खाली वाकून बघा: आडवा तो जेमतेम फुगतो, पण जमिनीला टेकलेला पट्टा लांबीने बराच वाढतो, रणगाड्याच्या पट्ट्यासारखा. गाडीचं वजन जास्त जागेवर पसरतं आणि चाक रुतत नाही. मात्र इतक्या कमी हवेवर झटक्यात वळलात तर टायर रिमवरून निसटू शकतो.

म्हणून पैसे घालायचेच तर हवा मोजायच्या चांगल्या गेजवर आणि बॅटरीला जोडायच्या कॉम्प्रेसरवर घाला. परतताना डांबरावर वेग घेण्याआधी हवा भरावीच लागते. फावडं, भरपूर पाणी आणि उंच काठीवरचा झेंडा घ्या. टेकाडापलीकडून येणाऱ्याला आधी तोच दिसतो. रुतलेली गाडी ओढायचा पट्टा चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, हुकालाच अडकवा, ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला कधीच नाही. तो गोळा तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो.

आणि हो, एकटी गाडी नेऊ नका.